सर्व्हर डाऊन असतो तेव्हा

कर्नाटकातल्या नंदगडच्या शेतकऱ्याच्या जमिनीचा उतारा आज नंदगडात नाही, आणि खानापूरच्या तहसील कचेरीतही नाही. तो बंगळूरच्या राज्य डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर आहे. खिडकीवर सर्व्हे नंबर सांगितला की मागणी तिकडे जाते, नोंद शोधली जाते आणि कानडीत छापलेला कागद इकडे हातात पडतो. सगळं सुरळीत असलं तर पाचशे किलोमीटरचं हे जाणं-येणं जाणवतही नाही. सुरळीत नसलं तर खिडकीमागून दोनच शब्द ऐकू येतात, "सर्व्हर डाऊन." पीकेपीएसकडून, म्हणजे शेतकऱ्यांच्या सहकारी पतसंस्थेकडून, पीककर्ज घ्यायचं म्हणून कामधाम सोडून तालुक्याला आलेला माणूस मग तसाच माघारी वळतो. त्याचा रोज बुडालेला असतो आणि उद्या पुन्हा यायचं असतं.

"सर्व्हर डाऊन" हे उत्तर बहुतेक वेळा खरं असतं, पण फार ढोबळ असतं. सर्व्हर म्हणजे एकसंध काही नसतं. त्याच्या पोटात शेकडो लहान-मोठे घटक असतात. कोणी आत्ता सुरू होत असतो, कोणी कामात असतो, कोणी थकलेला असतो, तर कोणाला थांबायला सांगितलेलं असतं. मोठ्या सॉफ्टवेअरची बरीचशी दुखणी या घटकांच्या कामात नसतातच. ती त्यांच्या येण्या-जाण्यात असतात. कोण आधी उठणार, कोण नंतर, एखाद्याला थांबवायचं झालं तर हातातल्या कामाचं काय, आणि कायमचं काढून टाकायचं झालं तर त्याच्याकडच्या नोंदींचं काय, हे आधी ठरवलेलं नसेल तर उत्तम लिहिलेला प्रोग्रॅमही लोकांना खिडकीवरून परत पाठवतो. यात सुरू करण्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. थांबवण्याकडे फार थोड्यांचं असतं, आणि माझ्या मते खरी परीक्षा तिथेच होते.

उताऱ्यांचंच पाहू. जमिनीच्या नोंदी संगणकावर आणणाऱ्या भूमी प्रकल्पाच्या आधी कर्नाटकातले सुमारे नऊ हजार तलाठी हाताने उतारे लिहीत. नोंदवह्या त्यांच्याकडेच असत. राज्यभरात मिळून दोन कोटींच्या आसपास उतारे आणि ६७ लाख शेतकरी, एवढा तो पसारा होता. २००० सालाच्या आगेमागे राजीव चावला या सनदी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली या नोंदी तालुक्या-तालुक्यांत संगणकावर चढल्या. सॉफ्टवेअर एनआयसी या केंद्र सरकारच्या संस्थेने लिहिलं. तालुक्याच्या खिडकीवर १५ रुपयांत छापील उतारा मिळू लागला. नोंदीत बदल करणाऱ्या कर्मचाऱ्याला बोटाचा ठसा देऊनच आत शिरता येई, म्हणजे बदल कोणी केला हे नंतर नाकारता येत नसे. सुरुवातीला सर्व्हर तालुक्याच्या कचेरीतच होते. पुढे नोंदी बंगळूरला एका ठिकाणी गेल्या.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो एक सरकारी आदेश. तालुक्यातल्या नोंदी संगणकावर आल्या, तपासून झाल्या आणि खिडकी सुरू झाली की त्या तालुक्यापुरता हाताने लिहिलेला उतारा बेकायदा ठरवला जाई. हे सगळीकडे एका दिवशी झालं नाही, एकेका तालुक्यात झालं. कितीतरी संगणकीकरणं इथेच अडकून पडतात. नवी पद्धत येते, जुनीही चालू राहते, आणि दोन वह्यांमध्ये दोन वेगळी सत्यं तयार होतात. भूमीत जुन्याचा शेवट कधी आणि कसा, हे ठरवून ठेवलेलं होतं. याची किंमतही होती. हाताच्या लिखाणातल्या चुका, नावांची भलतीच रूपं आणि वारसांच्या अर्धवट नोंदी तशाच संगणकात गेल्या, आणि त्या दुरुस्त करायला लोकांना कचेरीचे हेलपाटे घालावे लागले. तरीही जुनं बंद करण्याचा निर्णय योग्य होता असंच मी म्हणेन. चुकीची नोंद एकाच जागी असली तर दुरुस्त तरी करता येते.

आता सर्व्हरच्या आत शिरू. इथून पुढचं वर्णन एकट्या भूमीचं नाही. बँक, रेल्वे आरक्षण, वीजबिल, कुठल्याही मोठ्या सर्व्हरला ते लागू पडतं.

उतारा मागितला की आत एक घटक ती मागणी स्वीकारतो. दुसरा, मागणाऱ्याला अधिकार आहे का ते तपासतो. तिसरा डेटाबेसशी बोलून नोंद आणतो. चौथा तिला छापण्याजोगं रूप देतो. पाचवा या सगळ्याची टाचण ठेवतो, तिला लॉग म्हणतात. वेबच्या सुरुवातीच्या काळात हे घटक टिकून राहत नसत. १९९३ साली सीजीआय नावाची पद्धत आली. तिच्यात प्रत्येक मागणीसाठी एक नवा प्रोग्रॅम सुरू होई, काम करी आणि संपे. यात एक मोठा गुण होता. प्रोग्रॅम संपला की ऑपरेटिंग सिस्टीम त्याने घेतलेलं सगळं काढून घेई, मागे काही उरत नसे. पण दर वेळी नव्याने सुरू होणं, डेटाबेसशी नव्याने ओळख करून घेणं, यातच जास्त वेळ जाई. मागण्या वाढल्या की सर्व्हर घामाघूम होई.

यावर जावा भाषेच्या जगात १९९७ साली सर्व्हलेट आलं. त्याची पहिली रूपरेषा सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीत पावनी दिवाणजी या महिला अभियंत्याने लिहिली. कल्पना अशी की घटक एकदाच जन्माला यावा आणि हजारो मागण्या पुऱ्या करत राहावा. त्यासाठी त्याच्या आयुष्याचे तीन टप्पे ठरवले. इनिट म्हणजे तयारी, सर्व्हिस म्हणजे काम, डिस्ट्रॉय म्हणजे आवराआवर. इनिट एकदाच होतं आणि ते पुरं झाल्याशिवाय एकही मागणी आत सोडली जात नाही. सर्व्हिस कितीही वेळा होतं. डिस्ट्रॉयही एकदाच, आणि तेही आत चालू असलेली कामं आटोपल्यावर किंवा त्यांना दिलेली मुदत संपल्यावर. हे टप्पे कधी गाठायचे ते घटक स्वतः ठरवत नाही. त्याला सांभाळणारा एक वरचा प्रोग्रॅम असतो, त्याला कंटेनर म्हणतात. टॉमकॅट हा यातला सर्वांत प्रसिद्ध. त्याचं मूळ सन कंपनीतच, १९९९ मध्ये तो अपाची संस्थेच्या हवाली झाला, आणि आजही असंख्य सर्व्हरांवर तो चालतो.

घटकाचं आयुष्य दुसऱ्याच्या हाती देणं प्रोग्रॅमरला प्रथम अडचणीचं वाटतं. पण विचार करून पाहा. शंभर घटकांपैकी प्रत्येकाने आपलं कधी सुरू व्हायचं आणि कधी संपायचं ते स्वतः ठरवलं, तर त्यांचा एकमेकांशी मेळ कोण घालणार? अपाचीच्याच अ‍ॅव्हलॉन या प्रकल्पाने हा प्रश्न फार शिस्तीने हाताळला. आधी घटकाला लॉग लिहायची सोय द्यायची, मग तो कुठे चालणार आहे ते सांगायचं, मग त्याला लागणारे इतर घटक मिळवून द्यायचे, मग त्याची मांडणी, म्हणजे कॉन्फिगरेशन, वाचायला द्यायची, मग तयारी, मग सुरुवात. शेवटी आधी थांबवणं आणि मग विल्हेवाट. प्रत्येक पायरीला नाव होतं आणि क्रम बदलण्याची मुभा नव्हती. लॉग सर्वांत आधी का? पुढच्या एखाद्या पायरीला घटक कोसळला तर निदान का कोसळला ते लिहून ठेवता यावं म्हणून. जेम्स हा मेल सर्व्हर याच पायावर उभा होता. अ‍ॅव्हलॉन २००४ साली बंद झाला, पण त्याच काळात पुढे आलेल्या स्प्रिंगसारख्या चौकटींमध्येही, म्हणजे फ्रेमवर्कमध्येही, हाच विचार दिसतो.

क्रमाचं महत्त्व नंदगडच्या बाजूच्या माणसाला वेगळं सांगायला नको, कारण हा मुलूख भाताचा आहे आणि भातगिरणी सगळ्यांनी पाहिलेली आहे. गिरणीतली यंत्रं सुरू करताना शेवटचं आधी सुरू करतात. तयार तांदूळ बाहेर नेणारं यंत्र, मग पॉलिशचं, मग साल काढणारं, आणि सगळी फिरू लागली की शेवटी भात सोडायचा. बंद करताना आधी भात सोडणं थांबवतात, आतला माल पुढे निघून जाऊ देतात आणि मग भात सोडतात त्या टोकापासून एकेक मोटार बंद करतात. उलटं केलं तर मधलं यंत्र तुंबतं आणि खोलून साफ करावं लागतं. सर्व्हरमध्ये हाच नियम आहे. आधी लॉग, मग मांडणी, मग डेटाबेसची जोडणी, मग नोंदी शोधणारे घटक, आणि अगदी शेवटी बाहेरच्या मागण्या आत घेणारं दार, ज्याला पोर्ट म्हणतात. थांबवताना आधी दार बंद, मग आतली कामं पुरी, आणि डेटाबेसची जोडणी शेवटी सोडायची. दार आधी उघडलं आणि डेटाबेस अजून जोडलेला नसला, तर पहिल्या मिनिटात आलेला प्रत्येक माणूस चूक घेऊन परत जातो.

कधी कधी क्रम लागतच नाही. पहिल्या घटकाला दुसरा हवा असतो आणि दुसऱ्याला पहिला. पूर्वी चौकटी यातून काहीतरी वाट काढत, अर्धवट तयार घटक दुसऱ्याच्या हाती देऊन वेळ मारून नेत. स्प्रिंगवरच उभ्या असलेल्या स्प्रिंग बूटने २०२१ च्या अखेरीस आलेल्या २.६ या आवृत्तीपासून असं वर्तुळ दिसलं की, वेगळं काही सांगितलेलं नसेल तर, सुरूच व्हायचं नाही, असा नियम केला. ही आवृत्ती घेताच कितीतरी जुने प्रोग्रॅम अडले आणि लोकांनी कुरकुर केली. पण चुकीच्या रचनेने सकाळी सुरूच न होणं हे दुपारच्या गर्दीत कोसळण्यापेक्षा पुष्कळ बरं.

सुरू होणं आणि तयार असणं यांत अंतर असतं. जावाचा प्रोग्रॅम सुरू झाल्या झाल्या संथ चालतो. कोणता भाग वारंवार लागतो ते पाहून तो भाग यंत्राच्या भाषेत उतरवला जातो आणि मग वेग येतो. वारंवार लागणाऱ्या नोंदी जवळ आणून ठेवायलाही वेळ लागतो. त्यामुळे बंद पडलेला सर्व्हर सकाळी अकराला परत आला, आणि दहापासून ताटकळलेले सगळे तालुके एकदम त्याच्यावर तुटून पडले, तर तो पुन्हा पडतो. खिडकीवरच्या माणसाला हा अनुभव असतो. "आत्ता आला होता, परत गेला." यावर इलाज म्हणजे मागण्या हळूहळू आत सोडणं, म्हणजे आधी थोड्या घ्यायच्या आणि घटक स्थिरावले की बाकीच्या.

आजकाल मोठ्या ठिकाणी एकाच प्रोग्रॅमच्या अनेक प्रती चालवतात आणि त्यांना सांभाळायला कुबरनेटीससारखी व्यवस्था ठेवतात. गूगलने २०१४ साली ती सर्वांसाठी खुली केली. ही व्यवस्था प्रत्येक प्रतीला ठरावीक वेळाने दोन वेगळे प्रश्न विचारते. एक, जिवंत आहेस का? दोन, काम घ्यायला तयार आहेस का? पहिल्याला उत्तर आलं नाही तर त्या प्रतीला मारून नवी सुरू करतात. दुसऱ्याला नकार आला तर मारत नाहीत, फक्त तिच्याकडे मागण्या पाठवणं थांबवतात. हे दोन प्रश्न एकच समजण्याची चूक फार ठिकाणी होते आणि महागात पडते. समजा जिवंत असल्याची खूण म्हणून "डेटाबेस उत्तर देतो का" हेच तपासलं. डेटाबेस काही क्षण मंदावला की सगळ्याच प्रती मेलेल्या समजल्या जातात आणि एकदम मारल्या जातात. नव्या प्रती उठतात आणि त्या सगळ्या एकाच वेळी त्याच थकलेल्या डेटाबेसकडे धावतात. दोन मिनिटांचं दुखणं दोन तासांचं होतं. डेटाबेस मंदावला असेल तर प्रतीने "मी जिवंत आहे, पण आत्ता काम देऊ नका" एवढंच म्हणायला हवं. सावकाश सुरू होणाऱ्या प्रतींसाठी २०१९ मध्ये तिसरा प्रश्न जोडला गेला, "सुरू होऊन झालं का?" त्याचं उत्तर येईपर्यंत पहिला प्रश्न विचारतच नाहीत.

आता घटक जगत असतानाच्या काळाकडे येऊ, कारण इथे एक फार गंभीर धोका आहे. सर्व्हलेटसारखा घटक एकच असतो आणि अनेक मागण्या एकाच वेळी त्याच्यातून जातात. प्रोग्रॅमरने अनवधानाने मागणाऱ्याचं नाव किंवा सर्व्हे नंबर घटकाच्या स्वतःच्या साठवणीत ठेवला, तर काय होतं पाहा. खानापूरहून एका शेतकऱ्याची मागणी आत आली आणि त्याचा नंबर तिथे लिहिला गेला. डेटाबेसचं उत्तर यायच्या आत हुक्केरीहून दुसऱ्याची मागणी आली आणि त्याच जागी त्याचा नंबर लिहिला गेला. पहिल्याच्या हाती पडतो तो दुसऱ्याचा उतारा. चाचणी घेताना ही चूक सापडत नाही, कारण तेव्हा एकच माणूस एका वेळी एकच मागणी करत असतो. गर्दी झाली तरच ती दिसते, आणि तीही कधीतरीच. तक्रार केली तर "आमच्याकडे बरोबर येतंय" असं उत्तर मिळतं, आणि तेही खरं असतं.

यावरचा नियम सोपा आहे, पण कटाक्षाने पाळावा लागतो. कोणती वस्तू किती काळ जगणार ते तिच्या जन्माआधी ठरवायचं. काही घटक सर्व्हर चालू आहे तोवर जगतात. ते सर्वांचे असतात, त्यांच्याकडे कोणा एकाची माहिती असता कामा नये. काही वस्तू एका मागणीपुरत्या असतात, उत्तर गेलं की संपतात. काही एका माणसाच्या वापरापुरत्या, त्यांना सेशन म्हणतात. टॉमकॅटमध्ये माणूस तीस मिनिटं गप्प राहिला की त्याचं सेशन आपोआप संपतं, वेगळं काही सांगितलेलं नसेल तर. फॉर्म भरता भरता कागद शोधायला गेलेला माणूस परत येतो तेव्हा पुन्हा लॉगिन करावं लागतं, ते यामुळे. चीड येते, पण सायबर कॅफेच्या संगणकावर आपलं खातं रात्रभर उघडं राहण्यापेक्षा हे चांगलं आहे.

डेटाबेसच्या जोडण्यांची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण तिच्यात सगळे टप्पे एकत्र पाहायला मिळतात. डेटाबेसशी नवी जोडणी करणं खर्चाचं असतं. दोन्ही यंत्रांनी एकमेकांना ओळखायचं, पासवर्ड तपासायचा, तिकडे जागा राखून ठेवायची. म्हणून काही जोडण्या आधीच करून ठेवतात आणि आळीपाळीने वापरतात. त्यांच्या साठ्याला पूल म्हणतात. हिकारी नावाचा पूल जावाच्या जगात सर्रास वापरतात. काही न सांगता ठेवला तर तो दहाच जोडण्या ठेवतो. दहा ऐकायला कमी वाटतात, पण एक नोंद आणायला सेकंदाचे काही हजारावे भाग लागत असतील तर दहा जोडण्या सेकंदाला हजाराहून जास्त मागण्या पुऱ्या करू शकतात. अट एकच, घेतलेली जोडणी परत करायची. एखाद्या घटकाने चूक झाल्यावर जोडणी परत करायची वाटच ठेवली नसेल तर दर चुकीगणिक एक जोडणी हरवते. दहाव्या चुकीनंतर पूल रिकामा. मग येणारी प्रत्येक मागणी तीस सेकंद वाट पाहते आणि निराश होऊन परत जाते. सर्व्हर चालू असतो, डेटाबेस चालू असतो, पंखे फिरत असतात, आणि तरीही उतारा मिळत नाही. रिस्टार्ट केला की सगळं ठीक होतं, म्हणून कारण कोणी शोधत नाही, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच घडतं.

याहून विचित्र दुखणं सकाळचं. मायएसक्यूएल हा डेटाबेस, वेगळं काही ठरवलेलं नसेल तर, आठ तास गप्प असलेली जोडणी आपणहून तोडून टाकतो. कचेरी संध्याकाळी बंद होते आणि सकाळी दहाला उघडते. मधे आठ तासांहून जास्त वेळ जातो. पुलाला मात्र हे माहीत नसतं. त्याच्याकडे जोडण्या जशाच्या तशा दिसतात. सकाळच्या पहिल्या माणसाला तुटलेली जोडणी मिळते आणि चूक दिसते. पुन्हा प्रयत्न केला की चालतं. जगभरच्या प्रोग्रॅमरांनी या पहिल्या चुकीमागे दिवस घालवले आहेत, कारण दुपारी तपासायला बसलं की ती कधीच दिसत नाही. इलाज असा की डेटाबेसने तोडायची वाट न पाहता पुलानेच प्रत्येक जोडणीला मुदत घालून द्यायची. हिकारीत ती तीस मिनिटांची असते. मुदत संपलेली जोडणी काम नसताना काढायची आणि नवी घ्यायची. सगळ्या जोडण्या एकदम निवृत्त होऊन गोंधळ होऊ नये म्हणून प्रत्येकीची मुदत मुद्दाम थोडी पुढेमागे ठेवतात. संपण्याचा असा आधीच केलेला विचार मला फार आवडतो.

आणि आता खरंच थांबवण्याबद्दल. युनिक्स आणि लिनक्स यंत्रांवर प्रोग्रॅमला थांबवायचे दोन मुख्य इशारे आहेत. पहिला सिगटर्म, क्रमांक १५. तो म्हणतो, आवर आणि थांब. दुसरा सिगकिल, क्रमांक ९. तो काहीच म्हणत नाही, प्रोग्रॅम जिथे असेल तिथे संपतो आणि त्याला आवरायला क्षणभरही मिळत नाही. प्रोग्रॅम वेगळा बंदिस्त करून चालवणाऱ्या डॉकरमध्ये तो थांबवला की आधी पहिला इशारा जातो, दहा सेकंद वाट पाहिली जाते आणि मग दुसरा. कुबरनेटीसमध्ये ही मुदत तीस सेकंदांची. दोन्ही मुदती वाढवता येतात. पण त्या मुदतीत काय करायचं हे प्रोग्रॅममध्ये लिहिलेलंच नसेल तर मुदतीचा उपयोग काय? पहिला इशारा ऐकूच न येणारे प्रोग्रॅम कितीतरी आहेत. ते दर वेळी दुसऱ्या इशाऱ्याने मरतात, आणि "रिस्टार्ट" या निरुपद्रवी वाटणाऱ्या शब्दाआड दर वेळी काही ना काही अर्धवट राहतं.

अर्धवट म्हणजे काय, ते जमिनीच्या व्यवहारावरून कळेल. शेत विकलं की खरेदीखत दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदतात. ती नोंद कर्नाटकात कावेरी या सॉफ्टवेअरमध्ये होते. कावेरीची दुसरी आवृत्ती २०२३ मध्ये राज्यभर लागू झाली. व्यवहाराची वर्दी तिथून भूमीकडे जाते आणि मग उताऱ्यावर नाव बदलण्याची कारवाई सुरू होते. म्हणजे दोन वेगळी सॉफ्टवेअरं आणि मधे एक निरोप. अशा कुठल्याही जोडीत निरोप पाठवणारा घटक नेमका मधेच मारला गेला तर दोन शक्यता उरतात. निरोप गेलाच नाही, किंवा गेला पण "गेला" अशी टाचण राहिली नाही. पहिल्या प्रकारात खरेदी झालेली असते आणि उताऱ्यावर जुन्याच मालकाचं नाव राहतं. दुसऱ्या प्रकारात पुन्हा सुरू झालेला घटक तोच निरोप दुसऱ्यांदा पाठवतो.

म्हणून अशा घटकांच्या रचनेत दोन गोष्टी असाव्याच लागतात. व्यवहाराची नोंद आणि "निरोप पाठवायचा आहे" ही टाचण डेटाबेसमध्ये एकाच दमात लिहायची, दोन्ही होतील किंवा एकही होणार नाही. आणि निरोप घेणाऱ्याने प्रत्येक निरोपाचा क्रमांक तपासून, एकदा घेतलेला पुन्हा आला तर शांतपणे बाजूला ठेवायचा. हे असलं की घटक वीज जाऊन मेला, इशाऱ्याने मेला किंवा स्वतःच्या चुकीने मेला, तरी उठल्यावर तो उरलेलं काम पुरं करतो. वीज गेल्यावर डिस्ट्रॉयची पायरी येतच नाही, हे विसरून चालत नाही. आवरण्याची संधी मिळाली तर व्यवस्थित आवरावं, आणि ती मिळणार नाही असं धरून रचना करावी. दोन्ही लागतं.

घटकाला एक दुसरंही आयुष्य असतं, आणि ते आपल्या सर्व्हरच्या बाहेर घडतं. आजच्या सॉफ्टवेअरमधला बराचसा भाग दुसऱ्यांनी लिहिलेला, फुकट मिळणारा असतो. लॉग लिहिण्याचं काम जावात अनेक वर्षं लॉगफोरजे हा घटक करत आला. त्याच्या पहिल्या पिढीची देखभाल ऑगस्ट २०१५ मध्ये अधिकृतपणे थांबली. त्याआधी, २०१३ मध्ये, दुसऱ्या पिढीत एक सोय घालण्यात आली होती. लॉगच्या मजकुरात विशिष्ट खूण असेल तर घटक दुसऱ्या यंत्राकडून माहिती मागवे. फार थोड्यांना तिची गरज होती, पण ती सर्वांकडे चालू अवस्थेत गेली. डिसेंबर २०२१ मध्ये जगाला कळलं की कोणीही परका माणूस नावाच्या किंवा शोधाच्या चौकटीत तशी खूण टाइप करून समोरच्या सर्व्हरवर आपला प्रोग्रॅम चालवू शकतो. धोक्याच्या मोजपट्टीवर या चुकीला दहापैकी दहा गुण दिले गेले. जगभरची माणसं सुट्ट्या सोडून बसली, आणि अनेक ठिकाणी पहिला प्रश्न एकच होता, हा घटक आपल्याकडे कुठे कुठे आहे? त्याचं उत्तर देणारी यादीच नव्हती. ज्यांच्याकडे पहिली पिढी होती त्यांना ही विशिष्ट चूक तशी भेडसावत नव्हती, पण त्यांचा घटक सहा वर्षं वारस नसलेला होता, आणि त्यात नवं काही सापडलं तर दुरुस्त करून देणारं कोणी नव्हतं.

त्यानंतर प्रत्येक सॉफ्टवेअरसोबत त्यातल्या घटकांची, त्यांच्या आवृत्त्यांसह, यादी असावी ही मागणी जोर धरू लागली. भारतात सर्ट-इन या सरकारी संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा यादीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सरकारी कामाचं कंत्राट देताना ही यादी मागितली जावी आणि दर वर्षी ताजी करून घेतली जावी, असं मला मनापासून वाटतं. सॉफ्टवेअर हाती पडलं त्या दिवशीच त्यातला कोणता घटक कधी निवृत्त होणार हे पुष्कळदा जाहीर झालेलं असतं. पायथन भाषेच्या दुसऱ्या पिढीचा शेवट १ जानेवारी २०२० ला होणार हे सगळ्यांना वर्षानुवर्षं ठाऊक होतं, आणि तरीही त्या तारखेला ती पिढी असंख्य सर्व्हरांवर कामात होती.

निवृत्त घटक काढताना सर्वांत अवघड जातं ते त्याने मागे ठेवलेल्या नोंदींचं ओझं. मराठी वाचकाला याचा अनुभव घरबसल्या आहे. १९९० च्या दशकात आणि नंतरही श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा सॉफ्टवेअरांत टाइप केलेल्या मराठी फाइली आज त्या फाँटशिवाय उघडल्या तर निरर्थक चिन्हांची माळ दिसते. मजकूर शाबूत असतो. तो वाचून दाखवणारा घटक गेलेला असतो. या जुन्या फाँटांत अक्षर जसं दिसतं त्या क्रमाने साठवलेलं असे. "कि" लिहिताना पहिली वेलांटी आधी आणि क नंतर. युनिकोडमध्ये क आधी आणि वेलांटी नंतर. रफार, जोडाक्षरं, पायमोडकी अक्षरं यांचेही प्रत्येक फाँटचे आपले निराळे संकेत. त्यामुळे रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला चिन्हं बदलून भागत नाही, ती हलवावी लागतात. साध्या गद्यात एखादी चूक राहिली तर वाचक समजून घेतो. नोंदवहीतल्या आडनावात ती राहिली तर बँक तो कागद परत करते.

म्हणून रूपांतर करताना आधी नावांची वेगळी यादी काढून ती त्या गावच्या माणसाकडून वाचून घेतात. मूळ फाइल आणि तिच्या छापील पानाचं स्कॅन दोन्ही जपतात. जुना फाँट आणि त्याचा चिन्हतक्ताही सोबत ठेवतात. नव्या नोंदींची जुन्याशी गावागणिक मोजदाद करतात, म्हणजे सर्व्हे नंबर तेवढेच आहेत का, खातेदार तेवढेच आहेत का, क्षेत्राची बेरीज जुळते का. तफावत निघेल ते गाव मागे ठेवतात आणि बाकीची पुढे नेतात. हे सगळं जुना घटक चालू असतानाच करावं लागतं, कारण शंका आली तर खरं काय ते त्यालाच विचारता येतं. मोजदाद जुळली की जुन्यात नवं लिहिणं बंद करून तो काही महिने वाचण्यापुरता ठेवतात, तो कोण आणि कशासाठी उघडतं याची टाचण पाहतात, आणि शेवटच्या गावाची मागणी नव्याकडून पुरी होऊ लागली की मगच तो काढतात.